चंद्रभानचा दहावा

तीन कैदी पळाल्याची बातमी तानुबाईला बाजारात कळली, अन् तीही भोपळ्यांपायी.

भादव्याचा महिना होता. गोदावरी, काठच्या माणसांची गंगा, दोन्ही थड्या भरून वाहत होती. गंगाखेडच्या बाजारात तानुबाई मुगाच्या शेंगांचं गठुडं सोडून बसली होती. तिच्या समोर एक म्हातारा भोई दरसाल वाळले भोपळे मांडून बसायचा. गंगाकाठची माणसं असे भोपळे दोरीनं एकाला एक बांधून त्यांची सांगड करतात, अन् तिच्यावर छाती टाकून नदी उतरतात. त्या दिवशी दोन शिपाई आले अन् बुटाच्या टाचेनं सगळे भोपळे फोडून पुढं गेले.

"काय झालं हो बाबा?" तानुबाईनं विचारलं.

"काय व्हायचंय माय? वरल्या अंगाला जी गढी हाय ना, कैदी ठेवायची, तिथले तिघं पळाले. भोपळ्यावर बसून. आता सरकारला भोपळ्याचं भ्याव वाटायलंय."

तानुबाईचा हात शेंगांवरच थांबला. तिचा नवरा चंद्रभान त्याच गढीत होता. मागल्या साली ऐन पेरणीच्या घातीवर साहेबाच्या दौऱ्यासाठी बेगारीत त्याची बैलं धरून नेली होती. तिसऱ्या दिवशी एक बैल रस्त्यातच बसला, तो उठलाच नाही. चंद्रभाननं हातातली बैलं हाकायची तुतारी जमादाराच्या तोंडावर मारली. पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. तेव्हापासून तो गढीवर राहून सडकेसाठी दगड फोडत होता.

"कोन कोन पळाले म्हनत्यात?"

"एक राणीसावरगावचा वाणी हाय, धोंडप्पा. एक बन्सीधर, त्याचं गाव कुणाला ठाऊक न्हाई. अन् तिसरा इकडचाच, पिंपरगव्हाणचा…" म्हातारा तिच्या तोंडाकडं बघून थांबला. मग फुटकी टरफलं गोळा करीत हळूच म्हणाला, "घरला जा माय. शेंगा मी इकतो."

बाजारभर तेच बोलणं होतं. तिघांनी महिनाभर दगडाच्या खाणीतली मोडकी छिन्नी वापरून मोरीचे दगड सैल केले. घोंगड्याखाली कडब्याच्या पेंढ्या निजवल्या. पहारेकऱ्यानं पेंढ्या मोजल्या अन् तिघं आहेत असं सांगितलं. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. पुढं काय झालं त्यावर मात्र जेवढी तोंडं तेवढ्या गोष्टी. कुणी म्हणे निजामाच्या हद्दीपलीकडं वऱ्हाडात पोचले, कुणी म्हणे पहिल्याच भोवऱ्यात गेले.

तानुबाई निघताना भोयाला एवढंच विचारून गेली, "बाबा, भादव्यातल्या गंगेतून मानूस निघतं का?"

"निघतं बी," म्हातारा म्हणाला. "पर निघालं तरी पुढं खायाचं काय अन् लपायचं कुठं? गंगा सोडती माय, मानसं सोडत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी निजामाच्या पोलिसांचा अमीन घोड्यावरून गावात आला. सोबत सहा शिपाई. त्यांनी कणगीत संगिनी खुपसल्या, चुलीतली राख उकरली, माळवदावरचं सरपण खाली फेकलं. काही सापडलं नाही. मग अमीननं तानुबाईला अन् तिच्या सासूला, बायनाबाईला, चावडीपुढं आणून बसवलं. मुजरिम सापडत नाही तोवर दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत दोघींनी इथंच बसायचं, असा हुकूम झाला.

चावडीपुढं सावली नव्हती. भादव्याचं ऊन डोक्यात शिरत होतं. बायनाबाईची साठी उलटलेली, तिची मान दुपारपर्यंत खाली लोंबायची. बाहेरला जायचं तर शिपायाला विचारावं लागे. शिपाई हसून म्हणायचा, "अबी तो गई थी, बुढ्ढी." जाणारे-येणारे खाली बघून जात. चंद्रभानचा चुलतभाऊ किशनराव रोज तिथूनच रानात जायचा. त्याला नेमकं तेव्हाच आभाळात काहीतरी दिसायचं.

रानात मूग पिकला होता. शेंग वाळली की उन्हात टचकन फुटते अन् दाणा मातीत जातो. दोघी सासू-सुना चावडीपुढं बसत, पण दोघींच्या मनात तेच फुटणं चालू होतं.

अमीन ओट्यावर बाज टाकून पाटलाशी बोलत बसायचा. तिथलं बोलणं खाली ऐकू यायचं. "तीन आदमी, पाटील. जिंदा मिले तो अच्छा, मरे मिले तो उससे बी अच्छा. पर कुछ मिलना चाहिये. नहीं मिले तो मेरी नौकरी गई." अन् मग दोघींकडं बघून तो पान थुंकायचा.

पाचव्या दिवशी मढं सापडलं. गावाच्या खाली दोन कोसांवर बाभळीत अडकलं होतं. बैलगाडीत घालून घाटावर आणलं. सगळा गाव नाकाला पदर-पटका लावून लांब उभा राहिला. अमीननं दोघींना पुढं बोलावलं.

"शनाख्त कर. तेरा मर्द हय क्या?"

चेहरा माशांनी ठेवला नव्हता. अंग फुगून काळं पडलं होतं. कमरेला गढीतल्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाची चिंधी होती. तिघांतलाच एक, यात शंका नव्हती. उंचीनं चंद्रभानएवढाच होता. पाय गाडीच्या साट्याबाहेर आले होते. तानुबाईला वर बघायचा धीर झाला नाही. तिनं पायांकडं बघितलं.

लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा त्याच्याखालून तिला नवऱ्याचे आधी पायच दिसले होते. अंगठ्याजवळचं बोट अंगठ्यापेक्षा पेरभर लांब. तेव्हा ती तेरा वर्षांची होती, अन् त्या बोटाकडं बघून तिला हसू आलं होतं.

ह्या पायांची बोटं तशी नव्हती. अंगठा मोठा होता अन् बाकीची ओळीनं लहान.

तिनं मान वळवली. बायनाबाईही पायांकडंच बघत होती. ज्या पायांना तिनं सहा महिने मांडीवर घेऊन तेल चोळलं होतं, ते तिला कुणी शिकवायला नको होते. सासू-सुनेची नजर एकदा मिळाली अन् लगेच सुटली.

"बोल!" अमीन ओरडला.

नाही म्हटलं तर उद्या पुन्हा चावडी. परवाही. शिपाई पांदीपांदीनं हिंडत राहणार, अन् तो कुठं कुठल्या रानात बसला असेल तिथून त्याला हलता येणार नाही. हो म्हटलं तर मेलेल्याला कुणी शोधत नाही. तानुबाईनं दोन्ही हात वर उचलले अन् गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर आपटले. हिरव्या बांगड्या कडाकड फुटल्या. मनगटातून रक्त आलं.

"हेच माझं कुंकू गं माय!"

एक श्वास मध्ये गेला. मग बायनाबाईनं मढ्यावर अंग टाकलं. "चंदरा! माझ्या लेकरा!" अशी हंबरली की लांब उभी असलेली माणसंही पुढं सरकली. अमीननं कागद काढला. तानुबाईचा अंगठा काळ्या शाईत बुडवून त्यावर उमटवला.

कुंकू सासूनंच पुसलं.

शिपाई म्हणाले, असंच जाळा, लाश सडलीय. बायनाबाई हटली नाही. तिनं घाटावर तीन दगड मांडून पाणी तापवलं अन् त्या देहाला पायापासून वरपर्यंत ऊन पाण्यानं अंघोळ घातली. "लय दिवस थंड पाण्यात राहिलंय लेकरू," ती म्हणाली. बायका रडल्या. किशनरावनं अग्नी दिला.

घरी आल्यावर तानुबाई चुलीपुढं बसून म्हणाली, "आत्याबाई, ते…"

"गप." म्हातारीनं कवाड लोटून घेतलं. "माझा लेक मेला. तुझा दादला मेला. मनातल्या मनातबी असंच म्हनायचं."

"पर खरंच असतील का ते?"

"गंगेत तिघं उतरले. एक दिसला, दोघं न्हाई दिसले. मला इतकंच ठाऊक हाय. तुला ह्याच्यावर जगता येतं का बघ. मला येतंय."

दहाव्याला सगळा गाव घाटावर जमला. पिंड मांडला. कावळे बाभळीवर होते, पण एकही खाली येईना. ऊन चढत गेलं. किशनरावनं हात जोडून सांगितलं, "चंद्रभान, तुझ्या बायकोला अन्न कमी पडू देनार न्हाई." कावळा हलला नाही. "तुझं रान पडीक पडू देनार न्हाई, मी कसीन." त्यावर तर कावळे उडून दुसऱ्या झाडावर गेले. लोक कुजबुजायला लागले. काय इच्छा राहिली असेल? कशात जीव अडकला असेल? पाटील पुढं येऊन उभा राहिला. कावळा शिवलाच नाही तर कुणीतरी म्हणेल, मेला तो हा नव्हेच.

बायनाबाई उठली. पिंडापाशी वाकली अन् पदर सावरायचं निमित्त करून पुटपुटली. ते तेवढं तानुबाईलाच ऐकू आलं.

"बाबा, तुझं नाव मला ठाऊक न्हाई. तुझी माय कोन, ते बी न्हाई. पर आजपासून तुझं सगळं मी करीन. तू जा आता."

ती मागं सरली न सरली तोच एक कावळा उतरला. त्यानं पिंडात चोच घातली.

गाव मोकळा झाला. तानुबाई मात्र त्या दिवशी पहिल्यांदा खरं रडली, अन् ती ज्याच्यासाठी रडली त्याचं तोंडसुद्धा तिनं बघितलेलं नव्हतं.

विधवेचं जिणं तिला सासूचं बघून ठाऊक होतं. पण बघणं वेगळं. घट बसले त्या दिवशी शेजारच्या कस्तुराबाईनं तिच्या दारावरून जाताना हळदी-कुंकवाचं ताट पदराखाली घेतलं. पाण्याला जाताना समोरून येणारी नवी नवरी वाट सोडून उभी राही. तानुबाई घागर भरून घरी येई अन् रिकाम्या कपाळानं भाकरी थापी. मनगटं हलकी लागत. भाकरी थापताना बांगड्यांचा आवाज होत नाही, ही गोष्ट तिला रोज नव्यानं कळायची.

दसरा आठ दिवसांवर आला होता. ती रानात उरलासुरला मूग वेचत होती, तेव्हा बांधावर एक छकडा थांबला. त्यातून एक बाई उतरली. कपाळाला विभूती, तिच्याखाली कुंकू. अंगानं उंच, थोराड. छकडा हाकणारा तिचा भाऊ बैलांपाशीच थांबला.

"मी नीलम्मा. राणीसावरगावची. धोंडप्पा माझे मालक."

तानुबाईनं तिला बाभळीच्या सावलीला बसवलं, पाणी दिलं. नीलम्मा तांब्या हातात धरून तशीच बसली.

"तुमच्या मालकाचं ऐकलं. लय वाईट झालं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला एक इचारायचं हाय. राग धरू नका. रोज कुंकू लावताना माझा हात थांबायलाय. लावू का नको? तो देह… तुमी कशावरून वळखला?"

तानुबाईनं छकड्याकडं एकदा बघून घेतलं. ही बाई कोण, कशी, तिच्या तोंडात किती राहतं, काही ठाऊक नव्हतं. पण कुंकवावर हात थांबणं काय असतं ते तिच्याइतकं त्या घडीला कुणाला ठाऊक होतं?

"तुमचे मालक उंचीला किती?"

"माझ्या खांद्याला लागत्यात. लोक हसायचे आमाला."

"मंग खुशाल कुंकू लावा. तो देह लय उंच व्हता. गाडीच्या बाहेर पाय येत व्हते."

नीलम्मानं तांब्या खाली ठेवला अन् तोंडाला पदर लावला. बराच वेळ तिचे खांदे हलत राहिले. मग डोळे पुसून म्हणाली, "असतील तर वऱ्हाडाच्याच अंगाला गेले असतील. माझा भाऊ बसवंतराव कापूस घिऊन सेलूला जायलाय, दिवाळीच्या पुढं. तिथल्या गाडीवानायला हद्दीपलीकडचं सगळं ठाऊक असतंय. इचार म्हनते. तुमचं तर आता इचारायचंबी काई राहिलं न्हाई, माय." ती उठायला लागली.

तानुबाईनं तिचा हात धरला.

"नीलम्मा, माझंबी इचारा."

नीलम्मा खाली बसली. तानुबाईच्या मोकळ्या मनगटाकडं बघत राहिली. मनगटावर काचेचे वण होते. हळूहळू तिच्या तोंडावरचा रंग पालटला.

"नाव इचारू नका, नाव बदललं असंल," तानुबाई म्हणाली. "पाय बघाया सांगा. आंगठ्याजवळचं बोट पेरभर लांब हाय. दोन्ही पायाचं."

हे तिनं बायनाबाईला सांगितलं तेव्हा म्हातारी अर्धा दिवस तिच्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "चांगली बाई वाटली का?"

"वाटली."

"वाटली म्हनून सांगितलंस. आता देवाला काळजी."

पेरणीला किशनराव आपली बैलं अन् तिफण घेऊन बांधावर आला. त्यानं मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. तानुबाईनं ओटीत ज्वारीचं बी घेतलं अन् ती तिफणीमागं बी सोडायचं चाडं धरायला उभी राहिली, तसा तो म्हणाला, "वहिनी, तुमी लांब व्हा. रांडमुंड बाईच्या हातचं बी उगवत न्हाई. माझी बायको चाडं धरील. रान आता मलाच बघायचं हाय."

बायनाबाई बांधावरून खाली आली. "किशन्या, मी बी रांडमुंडच हाय. वीस साल झाली. तुझी माय बाळंतपणात गेली तवा तुला कुणाच्या हातचं खाऊन वाढवलं रं? उगवलास की तू."

किशनराव लाल झाला. "मंग हाका तुमचं तुमी," म्हणून त्यानं बैलं सोडली अन् निघून गेला. ओल उडून चालली होती. दोघींच्या दावणीला एकच बैल होता. दोन दिवस त्या रान अन् आभाळ बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी राणीसावरगावची बैलजोडी दारात आली. सोबत बसवंतराव होता. "अक्कानं धाडलं," एवढंच तो म्हणाला. मोठ्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं दोन दिवस तिफण हाकली. तानुबाईनं चाडं धरलं. मुठीतून बी सुटत गेलं, नळ्यांतून मातीत उतरत गेलं. तिचे खांदे दुखून आले, टाचा ढेकळांनी फुटल्या, पण दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत रान पेरून झालं.

जाताना बसवंतराव म्हणाला, "आता सेलूला जायलोय मी." तानुबाईनं मान हलवली.

ज्वारी उगवली. रांडमुंड बाईच्या हातची उगवली अन् किशनरावच्या रानापेक्षा दाट उगवली. दोघी मुकाट्यानं कोळपत, खुरपत राहिल्या. दिवाळी गेली. सेलूकडून काही कळलं नाही.

मार्गशीर्षातल्या अवसेला, येळवशीला, सगळा गाव रानात असतो. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, अन् येईल त्याला आंबील-भज्जी खाऊ घालायची. तानुबाईनं भज्जी शिजवली होती. पूजेला मात्र कस्तुराबाईला बोलावलं होतं. सात-आठ बायका कोपीपुढं बसल्या होत्या. तेवढ्यात नीलम्माचा छकडा आला.

ती सगळ्यांत मिसळून जेवली. आंबिलीचा गडगा तोंडाला लावला, भज्जीची तारीफ केली. मग हात धुवायच्या निमित्तानं तानुबाईला ज्वारीच्या कडेला घेऊन गेली.

"बसवंत आला," ती दुसरीकडं बघत म्हणाली. "हद्दीपलीकडं एका जिनिंगवर हायत दोघं. आमचे मालक कामगारायच्या भाकरी करायलेत. दुसरा रुईच्या ढिगावर काम करतोय. उंच हाय. बोलत न्हाई कुणाला. बसवंतनं त्याला पाय धुवायला पाणी दिलं."

"मंग?"

"बोट लांब हाय, माय. दोन्ही पायाचं."

तानुबाईच्या तोंडावर हसू फुटलं. ते तिच्या हातात राहिलं नाही. पाटाचं पाणी बारं फोडतं तसं गालभर पसरलं. कोपीपुढच्या बायका इकडंच बघत होत्या. कुठून कशी कोण जाणे, बायनाबाई तिच्यापाशी येऊन उभी राहिली होती. तिनं पदराआडून सुनेच्या दंडाला कचकन चिमटा घेतला.

"रड," ती दातांतून म्हणाली. "हसशील तर मारशील त्याला. रड!"

अन् तानुबाई रडली. ढेकळात बसून, गुडघ्यात तोंड घालून मोठमोठ्यानं रडली. कस्तुराबाई धावत आली, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "सणासुदीला आठवन येतीच गं. किती सोसशील?" म्हणत तीही रडली. इतक्या दिवसांत तिनं तानुबाईला पहिल्यांदा हात लावला होता.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. ठाऊक नसण्यापेक्षा ठाऊक असणं जड होतं. फाल्गुनात ज्वारी उपटताना हाताची सालटी निघाली. उन्हाळ्यात रझाकारांची टोळकी गावोगाव हिंडायला लागली. पिंपरगव्हाणची अर्धी घरं कुलपं लावून वऱ्हाडात गेली. त्यांच्याबरोबर जावं असं तानुबाईच्या शंभरदा मनात आलं. पण विधवा बाई म्हातारीला घेऊन नेमकी त्या जिनिंगवर गेली, तर तिच्या मागून कोण येईल याचा नेम नव्हता. शिवाय दोघी गेल्या असत्या तर किशनरावनं रान धरलं असतं. त्या राहिल्या. टोळी आली की गावापासून अर्ध्या कोसावरच्या निवडुंगाच्या ओढ्यात बसत, टोळी गेली की परत येऊन चूल पेटवत. पाऊस पडला. कपाशी लावली.

भादव्यात अनंत चतुर्दशीच्या सुमाराला बातमी आली. हिंदुस्थानची फौज आली, निजामानं हात वर केले. अमीन कुठं गेला कुणालाच सांगता आलं नाही. चावडीवरचा झेंडा पाटलानंच उतरवला अन् घडी करून ट्रंकेत ठेवला. न जाणो, पुन्हा लागला तर.

त्यानंतर बाराव्या दिवशी, भर दुपारी, चंद्रभान गावात शिरला.

वेशीपाशी पहिल्यांदा त्याला पाटलानं बघितलं. पाटलाच्या हातातली तंबाखू खाली पडली. पोरं ओरडत पळाली. चावडीपुढं पटवारी बसला होता, तो उठून उभा राहिला अन् म्हणाला, "तुमी कागदावर मयत हाव."

"व्हय," चंद्रभान म्हणाला. "ऐकलंय मी."

घरी बायनाबाई एकटी होती. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, खांदे दाबून बघितले. मग त्याला ओट्यावर बसवून पहिली गोष्ट विचारली ती ही: "त्यो कोन व्हता रं?"

चंद्रभानला कळायला थोडा वेळ लागला. मग तो सांगायला लागला. नदीच्या मधोमध वाहत आलेलं झाड सांगडीवर आदळलं. दोरी तुटली, चार भोपळे सुटले. बन्सीधर पोहणारा होता. सुटलेले भोपळे धरून आणतो म्हणाला अन् हात सोडला. "हसत व्हता, माय. एक भोपळा घावलाबी त्याला. मंग दिसला न्हाई. आमी दोघं खाली दीड कोसावर लागलो. चार दिवस उसात बसलो. पाचव्या दिवशी शिपाई फिरायचे थांबले. का थांबले ते मला बसवंतरावनं सांगितलं तवा कळलं."

"बन्सीधर," म्हातारीनं नाव म्हणून बघितलं. "कुनाचा?"

"मला कुनी न्हाई म्हनायचा."

"हाय की. मी हाय." ती उठली. "चल रानात. तानू तिकडंच हाय."

रानात कपाशीची खुरपणी चालली होती. पाच-सहा बायका ओळीनं बसल्या होत्या, तानुबाई सगळ्यांच्या पुढं. कस्तुराबाईनं मान वर करून बांधाकडं बघितलं अन् किंचाळली. बायका खुरपी टाकून पळत सुटल्या. पलीकडच्या रानात किशनराव कुळव हाकत होता. तो बैलांच्या आडोशाला गेला. बायनाबाई बांधावरून ओरडली, "अगं, भूत काय माझा हात धरून येतंय का? या माघारी!"

तानुबाई उठून उभी राहिली. तिच्या हातात खुरपं तसंच होतं. तो लय वाळला होता. दाढी वाढली होती, तीत पांढरे केस आले होते. खोकला आला तसा तो तोंड बाजूला करून खोकला. रुईच्या धुळीचा खोकला असणार. वर्षभर तिनं काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एकही आठवेना.

तोही बांधावरच उभा होता. तिच्या कपाळाकडं, हातांकडं बघत होता.

"माझ्यापायी लय सोसलंस," शेवटी तो म्हणाला.

"भाकर खाल्ली का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"बाभळीखाली दगडाआड बांधून ठिवलीय. ही वळ झाली की खाऊ. तोवर तुमी ती बाजूची पात धरा. बायकायनी टाकलेली."

बायनाबाई म्हणाली, "अगं, आत्ता आलाय त्यो."

"आलेत तर बसू द्या की खुरपायला," तानुबाई म्हणाली अन् खाली बसली.

चंद्रभाननं कस्तुराबाईचं खुरपं उचललं. दोन वर्षं दगड अन् रुई सोडून हाताला काही लागलं नव्हतं. गवत मुळासकट येईना, वरच्यावर तुटायचं. दहा हात जाईपर्यंत त्याला धाप लागली. तानुबाई तोवर ओळ संपवून धुऱ्याला पोचली होती. तिनं मागं वळून बघितलं.

"अवो, लय मागं राहिलाव की!" ती ओरडली.

वर्षभरात तिचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. बांधावर गोळा झालेल्या बायका आधी चपापल्या, मग कस्तुराबाई फिसकन हसली अन् मग सगळ्याच हसल्या. पलीकडं किशनरावनं बैलांच्या आडून डोकं वर काढलं.

तानुबाईनं नवी ओळ धरली नाही. ती चंद्रभानच्या पातीच्या वरल्या टोकाला जाऊन बसली अन् तिथून त्याच्याकडं तोंड करून खुरपायला लागली. तो खालून येत होता, ती वरून. मधल्या कपाशीची उंची गुडघ्याच्या वर होती. त्यातून कधी त्याचा पटका दिसायचा, कधी नुसता खोकला ऐकू यायचा. ऊन कलत आलं. पात मध्यावर येऊन मिळाली, तेव्हा दोघांच्या खुरप्यांत एवढंसं गवत उरलं होतं. ते चंद्रभाननं काढलं, मुळासकट.

"चला," ती म्हणाली. "आता भाकर खा."